हिशेब वर, शुभेच्छा खाली

वर्ष सरताना कुलगुरूंनी विद्यापीठाशी काय बोलायचे, हे माझ्या नोकरीच्या काळात बहुतेक वेळा मी ठरवत असे. यात बढाई काही नाही. मी एका विद्यापीठाच्या सामान्य प्रशासन विभागात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. डिसेंबर उजाडला की कुलसचिवांच्या सहीची चिठ्ठी खाली यायची : ‘वार्तापत्रासाठी मा. कुलगुरूंचा संदेश. मसुदा सादर करावा.’ मग मी गेल्या वर्षीची फाइल काढायची, सन बदलायचे, मधल्या काळात उभ्या राहिलेल्या इमारतीचे नाव घालायचे आणि मसुदा वर पाठवायचा. अधीक्षक, उपकुलसचिव, कुलसचिव आणि मग साहेब. प्रत्येक टेबलावर एखादे वाक्य गळायचे, आणि गळायचे ते नेमके वर्षभरात काही घडले असे सांगणारे.

एका वर्षी निकाल फार लांबले. मुलांनी मुख्य इमारतीला टाळे ठोकले, पोलीस आले, वर्तमानपत्रांत फोटो आले. निकाल का लांबले आणि किती लांबले, एवढ्या दोन ओळी मी मसुद्यात घातल्या. कागद परत आला तेव्हा त्यांवर तांबडी रेघ होती आणि समासात बारीक अक्षरात लिहिले होते, ‘आवश्यकता नाही’. त्यांच्या जागी ‘काही अपरिहार्य कारणांमुळे’ हे शब्द आले. दुसऱ्या फेरीत तेही गेले. छापून आला तेव्हा त्या संदेशात ते वर्ष इतर कुठल्याही वर्षासारखेच सुखासमाधानाचे होते.

ही रीत आपल्याकडे केव्हा पडली, याचे मला कुतूहल वाटू लागले ते दुपारच्या सुट्टीत ग्रंथालयात जुनी बाडे चाळताना. १८९२ साली मद्रासेत छापलेला एक ग्रंथ आहे. मुंबई आणि मद्रास या दोन विद्यापीठांच्या पदवीदान समारंभांतली भाषणे त्यात एकत्र केली आहेत. जाडजूड आणि इंग्रजी. नव्याण्णव टक्के लोक तो उघडून लगेच मिटतील. मी मिटला नाही, कारण मसुदे करणाऱ्या माणसाला दुसऱ्याचे मसुदे वाचायची चटक असते.

या भाषणांचे महत्त्व कळायला आधी ते विद्यापीठ काय होते ते पाहायला हवे. मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झाले. बंडाच्या त्या वर्षात कलकत्ता, मुंबई, मद्रास अशी तिन्ही विद्यापीठे कायद्याने जन्माला आली आणि तिन्ही लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर होती. म्हणजे विद्यापीठाने शिकवायचे नाही, फक्त परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. शिकवणे एल्फिन्स्टनचे, पुण्याच्या कॉलेजाचे, ग्रँट मेडिकलचे. विद्यापीठाला ना वर्ग, ना फळा, ना वसतिगृह. मुंबईचा गव्हर्नर हा पदसिद्ध कुलपती. कुलगुरू दोन वर्षांसाठी नेमलेला, बहुधा हायकोर्टाचा न्यायाधीश किंवा शिक्षण खात्यातला बडा अधिकारी, आणि हे काम तो आपली नोकरी सांभाळून करायचा. असे हे विद्यापीठ लोकांच्या नजरेला वर्षातून एकदाच पडायचे, पदवीदानाच्या दिवशी. त्यामुळे वर्षभरात जे सांगायचे साठले असेल ते त्याच दिवशी सांगावे लागे.

पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ साली झाली. १३२ जण बसले आणि पास झाले जेमतेम वीस-बावीस. १८६२ साली पहिले बी.ए. बाहेर पडले ते चौघे : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. विद्यापीठाला स्वतःची इमारत नव्हती, म्हणून समारंभ टाउन हॉलात झाला, म्हणजे आज जिथे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे तिथे. त्या वर्षी बार्टल फ्रियर नुकतेच गव्हर्नर झाले होते. कुलपती म्हणून बोलले तेच. चार पदवीधर आणि त्यांच्यासमोर अख्ख्या इलाख्याचा गव्हर्नर. आज हजारो पदव्या एका तासात वाटल्या जातात तेव्हा हे चित्र अद्भुत वाटते.

त्या काळच्या भाषणांचा साचा ठरलेला असे. सुरुवात आकड्यांनी : कुठल्या परीक्षेला किती बसले, किती उतरले, कुठल्या विषयात गळती जास्त झाली. मग देणग्या : कोणी दिली, किती आणि कशासाठी. मग वर्षभरात निवर्तलेले फेलो. आणि शेवटी उपदेश, लांबलचक. घोकंपट्टी करू नका, पदवी मिळाली म्हणजे विद्या संपली असे समजू नका, सरकारी नोकरीवर डोळा ठेवून शिकू नका, शिकलात ते आपल्या लोकांपर्यंत न्या, आणि हे सगळे ज्या सरकारमुळे मिळाले त्याची याद ठेवा. या शेवटच्या कलमाचा सूर आज वाचताना अंगावर येतो. आपण काहीतरी दान करत आहोत अशीच ती भाषा आहे. पण उपदेशाचा भाग वगळला तर मागे जे उरते तो रोखठोक अहवाल आहे. इतके नापास झाले, हे तिथे उघड म्हटले जाई, आणि ते दुसऱ्या दिवशी मुंबईच्या इंग्रजी पत्रांत छापून येई.

यामागे काही मोठे नैतिक धैर्य होते असे मला वाटत नाही. कारण सरळ आहे. नापासांचा आकडा हा विद्यापीठाचा दोष नव्हताच, कारण शिकवणारे दुसरे. उलट आकडा जितका मोठा तितकी परीक्षा कडक, आणि परीक्षा कडक म्हणजे विद्यापीठाची पत मोठी. परीक्षकाला दुसऱ्याचे गुण जाहीर करायला संकोच कशाचा? माझ्या दोन ओळींवर तांबडी रेघ आली, कारण लांबलेले निकाल आमचे स्वतःचे होते. एवढाच फरक, पण पुढचा सारा इतिहास त्यातून उलगडतो.

देणग्यांचा हिशेब मात्र त्यांना चोख द्यावा लागे आणि तो भाग वाचायला रंजक आहे. सर कावसजी जहांगीर रेडिमनी यांनी सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली आधी ग्रंथालयासाठी दोन लाख दिले, मग आईच्या, राजाबाईच्या नावाने मनोरा बांधायला आणखी दोन लाख. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या तेजीतला हा पैसा. १८६५ साली तेजी कोसळली, बँका बुडाल्या, प्रेमचंदही बुडाले. विद्यापीठाकडे आलेली रक्कम मात्र शाबूत राहिली. इमारतींचे आराखडे लंडनच्या गिल्बर्ट स्कॉटने तिथेच बसून केले. हिंदुस्थानात तो कधी आला नाही. सभागृह १८७४ साली पुरे झाले, मनोरा १८७८ साली. म्हणजे दाता श्रीमंत असताना दिलेल्या पैशांची इमारत तो कफल्लक झाल्यावर उभी राहिली. असा हिशेब जाहीरपणे दरवर्षी द्यावा लागतो तेव्हा भाषणाला आपोआप वजन येते.

विद्यापीठ वर्षातून एकदा बोले, पण कॉलेजांचे प्रिन्सिपॉलही वर्ष संपल्यावर लिहीत. त्यांचे अहवाल शिक्षण खात्याच्या संचालकाकडे जात आणि खात्याच्या वार्षिक अहवालात छापले जात. त्यात शिस्तीचे किस्से सापडतात. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट हे अॅरिस्टॉटलचे मोठे अभ्यासक, पुढे कुलगुरूही झाले. रानडे त्यांचे लाडके विद्यार्थी. मराठेशाहीची इंग्रजी राज्याशी तुलना करणारा निबंध रानड्यांनी लिहिला तेव्हा त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद झाली, ही गोष्ट चरित्रकारांनी आवर्जून सांगितली आहे. जाहीर भाषणातून ‘स्वतंत्र विचार करा’ असे सांगणारी मंडळी तो विचार कागदावर उतरला की काय करत, ते या एका प्रसंगावरून समजावे.

१८९२ साली न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, तिथले पहिले हिंदी कुलगुरू. पण १ सप्टेंबर १८९३ रोजी वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या जागी आले डॉ. भांडारकर. १८६२ च्या त्या चौघांतला एक जण तीस-बत्तीस वर्षांनी त्याच विद्यापीठाच्या वतीने बोलायला उभा राहिला. टाउन हॉलात खाली बसून ज्यांनी उपदेश ऐकला होता, त्यांच्यावर आता उपदेश करण्याची पाळी आली होती. भाषा अर्थातच इंग्रजी. मराठी तर वरच्या परीक्षांतून कधीच हद्दपार झाली होती आणि एम.ए.ला ती परत यावी म्हणून रानडे सिनेटमध्ये झगडत होते. ते यश विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, रानड्यांच्या अखेरच्या दिवसांत कुठे पदरात पडले. कलकत्त्यालाही पदवीदानाचे भाषण बंगालीत व्हायला १९३७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी रवींद्रनाथांसारखा माणूस लागला.

आता पुण्याकडे येतो. माझ्या मते या साऱ्या परंपरेतला सर्वांत खणखणीत वर्षअखेरीचा मजकूर कुठल्या कुलगुरूने लिहिलेला नाही. तो लिहिला संस्था सोडून जाणाऱ्या माणसाने.

डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली निघाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. मुंबईच्या विद्यापीठामागे सरकार होते. इथे पैसा लोकांचा, संस्थानिकांचा, वर्गणीदारांचा. आजीव सदस्यांनी थोडक्या पगारात राबायचे आणि बाहेरची मिळकत संस्थेची मानायची, असा मूळचा दंडक. तो सैल होऊ लागला, पगारवाढीचे आणि बाहेरच्या उद्योगांचे वाद पेटले. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले तेव्हा ठिणगी पडली. टिळकांनी ऑक्टोबर १८९० मध्ये राजीनामा दिला आणि १५ डिसेंबरला त्याची कारणे सांगणारे भलेमोठे निवेदन सहकाऱ्यांपुढे ठेवले. त्यात वर्षावर्षाचा हिशेब आहे. ठरले काय होते, झाले काय, कोणी कधी कुठला नियम वाकवला, सगळे. कडवट आहे, एकतर्फी आहे असेही म्हणता येईल. आगरकर-गोखल्यांची बाजू वाचल्याशिवाय त्यावर निकाल देऊ नये. पण संस्थेतल्या माणसाने संस्थेतल्या माणसांना नावानिशी जाब विचारला होता. अशा कागदावर ‘आवश्यकता नाही’ हा शेरा मारायची कोणाची छाती झाली असती?

दुसरा माणूस धोंडो केशव कर्वे. त्यांची तऱ्हा अगदी वेगळी. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढल्यापासून अण्णा हातात झोळी घेऊन गावोगाव फिरले. वर्गणी मागणाऱ्याला गेल्या वर्षीच्या वर्गणीचे काय केले ते सांगावेच लागते, म्हणून त्यांच्या संस्थेचे बोलणे पहिल्यापासून जमाखर्चाच्या अंगाने गेले. पुढे जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती पडली आणि डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईला भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी बायकांसाठी वेगळे विद्यापीठ, तेही मातृभाषेतून शिकवणारे, अशी कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी ते सुरूही झाले. कुलपती भांडारकर, कुलगुरू रँग्लर परांजपे, आणि विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या. हा छोटा आकडा त्यांनी कधी झाकला नाही. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये देऊ केले, तेव्हा अण्णांच्या या उघड्या वहीचा त्यात मोठा वाटा असणार असे मला नेहमी वाटते.

कॉलेजांतल्या गॅदरिंगला प्राचार्यांनी अहवाल वाचायचा आणि नियतकालिकात तो छापायचा, ही प्रथा पुढे घरोघर झाली. मुले तो ऐकत नसत. नाटक केव्हा सुरू होते याकडे त्यांचे लक्ष. तरी औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयासारख्या ठिकाणी, जे डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली सुरू केले, अशा नियतकालिकांना फार मोठा अर्थ आला. घराण्यात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढलेल्या मुलांचे पहिले छापील शब्द तिथे आले. प्राचार्य म. भि. चिटणीस हे स्वतः ‘युगयात्रा’ नाटकाचे लेखक. याच वर्तुळातून १९६७ साली ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले आणि पुढे ‘अस्मितादर्श’ झाले.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. पुणे विद्यापीठ गणेशखिंडीत गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात आले, पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ निघाले, त्याचे पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी. या गृहस्थांबद्दल मला विशेष आपुलकी आहे, कारण ते आमच्या बिरादरीतले : मुंबई विद्यापीठाचे अनेक वर्षांचे रजिस्ट्रार, आणि त्या विद्यापीठाच्या शंभर वर्षांचा इतिहासही त्यांनीच लिहिला. फायलींत वाढलेल्या माणसाला कुलगुरू झाल्यावर मसुद्यासाठी कोणाचे तोंड बघावे लागले नसेल. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते सुरू झाले, सरहद्दीवर चीनशी युद्ध चालू असताना. पहिले कुलगुरू डॉ. अप्पासाहेब पवार, इतिहासकार.

आता विद्यापीठाला माळ होता, विभाग होते, वसतिगृहे होती, शिपायापासून प्राध्यापकापर्यंत पगार घेणारी माणसे होती. बोलणे बाहेरच्या जनतेशी कमी आणि आतल्या लोकांशी जास्त होऊ लागले. विद्यापीठ स्वतः शिकवू लागले, म्हणजे चुकूही लागले. आणि तिथून संदेश गुळगुळीत होत गेला.

मी लागलो तेव्हा हा संदेश सायक्लोस्टाइलवर निघायचा. मराठी टंकयंत्राची रिबीन काढून निळ्या मेणकट स्टेन्सिलवर अक्षरे ठोकायची. ‘ळ’ आणि ‘क्ष’ जास्त जोरात ठोकले तर कागद फाटून गोल भोके पडायची. चूक झाली की बाटलीतले गुलाबी द्रव्य ब्रशने लावायचे, फुंकर घालून वाळवायचे आणि त्यावर पुन्हा टंकायचे. मग हातांनी फिरवायच्या गेस्टेटनरवर प्रती काढायच्या. शाई मनगटापर्यंत यायची. एवढ्या मेहनतीमुळे संदेश एका पानात बसवावा लागे, आणि जागा कमी पडली की काटछाट आकड्यांचीच व्हायची, ‘उज्ज्वल परंपरे’ची कधी नाही. पुढे संगणक आला, जागेची अडचण संपली, तरी आकडे परतले नाहीत.

ते गेले दुसरीकडे. १९९४ साली उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यमापन करणारी नॅक स्थापन झाली, बंगळुरात. तिथे दरवर्षी गुणवत्तेचा अहवाल जातो : किती शिक्षक, किती जागा रिकाम्या, किती शोधनिबंध, किती विद्यार्थ्यांना नोकरी. कायद्याप्रमाणे वार्षिक अहवाल अधिसभेपुढे आणि विधिमंडळापुढेही जातो. म्हणजे हिशेब लिहिला जातोच, पूर्वीपेक्षा शंभरपट बारकाईने. फक्त तो वर जातो. वसतिगृहातल्या पोराला, तासिका तत्त्वावर राबणाऱ्या शिक्षकाला, परीक्षा विभागात रात्री थांबणाऱ्या लिपिकाला खाली येतात त्या शुभेच्छा, आता मोबाइलवर, साहेबांच्या हसऱ्या फोटोसकट. १८६२ च्या त्या गोऱ्या साहेबाने चार पोरांना उपकाराच्या सुरात का होईना पण आकडे सांगितले. आपण आपल्याच पोरांना सणाचे भेटकार्ड देतो. हा सौदा मला खाली उतरल्याचा वाटतो.

हे वाचणाऱ्यांत एखाद्या विद्यापीठाच्या आस्थापनेवर बसून यंदाचा मसुदा करणारे कोणी असेल तर त्यांना एवढेच सांगणे : शुभेच्छा लिहा, त्याला हरकत नाही, पण निकाल किती दिवसांत लागले, शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत आणि वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत किती मुले आहेत, हे तीन आकडे त्यात घाला. वरून ते काढले गेले तर वाद घालू नका. मूळ मसुदा, तांबड्या रेघांसकट, क्रमांक टाकून फाइलला लावा.